लिफ्टमधला वास
परवा मल्लेश्वरमच्या एका गल्लीत कुणाच्या तरी खिडकीतून तेलात करपलेल्या लसणाचा वास आला आणि मी जागीच थांबलो. आई नागपूरहून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट आठवली. तिळाच्या तेलात लसूण-ओवा काळा होईस्तोवर कढवायचा, ते तेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळायचं आणि खाली बागेत फिरायला जायचं, हा तिचा रोज सकाळचा नेम. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सकाळी लिफ्टमध्ये घाण वास येतो.' मग कुणी कचऱ्याच्या पिशवीला दोष दिला, कुणी कुत्र्याला, कुणी मोज्यांना. मी हसत हसत सगळं आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तर ती जिन्यात कठडा धरून बसलेली आणि शेजारच्या अक्का तिला पाणी देत होत्या. "अगं, लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं. "चालू आहे रे," ती म्हणाली, "पण लोकांना त्रास होतो ना माझ्या तेलाचा." लिफ्टमध्ये मला तर तो वास कधी जाणवलाच नव्हता. तरीही ग्रुपवरच्या त्या मेसेजला पहिला अंगठा मीच दिला होता.