साक्षीची साडी

"नवी साडी नको, मावशी. फरशी पुसताना नेसतेस ना, ती नेस. तू कुठून वर आलीस, ते पाहुण्यांना कळायला हवं."

चर्चच्या मागच्या खोलीत सेक्रेटरीबाई मला हे म्हणाल्या. खोलीत झाडू, बादल्या, नाताळचे तुटके तारे. मी अंगावरची साडी सोडली. मोरपंखी. द्राक्षाच्या कामाच्या मजुरीतून पहिल्यांदा स्वतःसाठी घेतलेली, त्याच दिवशी घडी मोडलेली. जुनी नेसले. तिला फिनेलचा वास येत होता. बाई दारात पाठ करून उभ्या होत्या. तेवढी माझी लाज त्यांनी राखली.

मी सुरगाण्याकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. नवऱ्याबरोबर नाशिकला मजुरीला आले. नवरा दारूत गेला. त्यानंतर एका रविवारी या चर्चच्या दाराशी उभी होते, तर कुणीतरी आत बोलावून बसवलं. उपदेश चालू असताना मला बाकावर गाढ झोप लागली. कितीतरी महिन्यांनी. कुणी उठवलं नाही. तेव्हापासून मी येशूची.

मग फरशी पुसायचं काम माझ्याकडे आलं. आणि बाहेरून पाहुणे आले की साक्ष द्यायचं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. पाहुण्यांना चहा, बिस्किटं आणि माझी साक्ष. ती बाईंनी नाटकासारखी बसवून घेतली होती. नवरा प्यायचा, एवढं त्यांना पुरेना.

"तूही प्यायचीस असं सांग. त्याशिवाय बदल दिसत नाही."

मी थेंबाला शिवले नव्हते. तरी सांगितलं. मी दारुडी होते. घाणीत लोळत होते. देवाच्या घरात, माईकवर. पाहुण्यांनी फोटो काढले. एका पाहुणीनं माझा हात हातात घेतला आणि मग स्वतःचा हात रुमालाला पुसला. मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, तसं सगळं बधिर. घरी जाऊन भात टाकला.

पुढच्या पाहुण्यांना तेच. त्याच्या पुढच्यांनाही तेच.

एकदा धीर करून मी पास्टरांना विचारलं, "साहेब, आमच्या वस्तीतल्या बायकांना मी येशूची सुवार्ता सांगू का?" ते काही बोलायच्या आत बाई हसल्या.

"अगं, तू आपली साक्ष दे. संदेश देणं तुझं काम नाही. दोन ओळी धड वाचता येतात का तुला?"

येत नव्हत्या. पास्टर बायबलची पानं चाळत राहिले. खरं सांगायचं तर मलाही पटलं. ज्या तोंडानं माईकवर खोटं बोलले, त्या तोंडानं प्रभूचं नाव कुणाला सांगणार? मी बादली उचलली.

हंगामात मी पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जायची. टेबलावर घड येतात, कात्रीनं खराब मणी काढायचे. समोर यमुना असायची. पेठकडची, राहायला आमच्याच वस्तीत. पावसाळ्यात तिची तान्ही मुलगी तापानं गेली होती आणि ही रडली नाही, असं बाया आपसात बोलायच्या. एक दिवस मान वर न करता ती म्हणाली,

"तू चर्चात जातीस ना? तुझ्या देवाला इचार, माझी पोर कुठं हाय."

"आमच्या पास्टरांना विचारून सांगते."

"त्यांना नाय. मी तुला इचारलं."

माझी कात्री थांबली. ही चुकीच्या बाईला विचारतेय, असं वाटलं. मला बायबलातली वचनं पाठ नाहीत. मी खोटारडी. इथून उठून जावं. पण ती वाट बघत होती, आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"मला ठाव नाय गं," मी म्हणाले. "पण येशूचा दोस्त मेला व्हता, तवा तो रडला. लोकांदेखत. तेवढं मला पक्कं ठाव हाय."

"देव रडला?"

"रडला."

यमुनानं हातातला घड खाली ठेवला. डोक्यावरची जाळीची टोपी तोंडावर ओढली आणि ती रडली. सुपरवायझर ओरडला. मी तिच्या पुढ्यातले घड माझ्याकडे ओढून घेतले आणि दोघींचं काम करत राहिले. मी बोलले त्यातलं काहीही मला कुणी बसवून दिलेलं नव्हतं.

पुन्हा पाहुणे आले. मागच्या खोलीत बाईंनी जुनी साडी पुढे केली.

"नाही नेसणार," मी म्हणाले.

मोरपंखी साडीतच पुढे गेले. माईक धरला. "मी दारू कधी प्यायले नाही. मला तसं सांगायला लावलं आणि मी सांगितलं. ते खोटं होतं." पास्टरांनी खूण केली आणि गाणं सुरू झालं. माझं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

बाहेर बाईंनी गाठलं. "चर्चची अब्रू घालवलीस. तुझ्यासारखीनं सुवार्ता सांगायची? आधी लायक हो."

मी लायक नाही. त्या दिवशीही नव्हते, आजही नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, मध्येच अडखळते. मात्र वस्तीत दर रविवारी दुपारी माझ्या दारात यमुना बसते, आता आणखी चारदोन बाया बसतात, आणि मी आमच्या बोलीत सांगते. मला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणते.

माझी साक्ष आता कुणी मागत नाही. मी ती जुनी साडी फाडून तिची फडकी केली. चर्चची फरशी अजून मीच पुसते, त्याच फडक्यांनी. बाई बघतात. पुसून झालं की मी हात धुते, मोरपंखी साडी नेसते आणि वस्तीत सांगायला जाते. कुणाला विचारून जात नाही. विचारणारही नाही.