विलायतेतली मास्तरकी

महाडच्या हायस्कुलात मधल्या सुट्टीचा चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "सकपाळ सर, विलायतेचा एखादा होऊन जाऊ द्या." एखादा म्हणून सुरू करावा, तर घंटा झाली तरी संपत नाही. किस्से कणगीतल्या भातासारखे असतात. एक मापटं काढलं की बाजूचं आपोआप खाली येतं. लोकांना वाटतं, दोन वर्षं लंडनला होते म्हणजे सरांनी राणीचा राजवाडा बघितला असणार. बघितला की, बाहेरून! आतून बघितली ती इंग्रजी शिकवणारी एक छोटी खाजगी शाळा. खरं सांगतो, राजवाड्यापुढे झालो नाही इतका थक्क मी त्या शाळेत झालो.

*

जायचं ठरलं तेव्हा मला आठवीला इंग्रजी मुळाक्षरं गिरवून घेता घेता सात वर्षं झाली होती. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी आठवीपासूनच असायचं. पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी त्या शाळेशी पत्रव्यवहार करून दिला. दिवसा शाळेच्या ऑफिसात काम, संध्याकाळी शिकवायला शिकायचं, आणि शेवटी परीक्षकासमोर पाठ देऊन पास झालं की सर्टिफिकेट. हेडमास्तरांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली आणि मी आईचा निरोप घ्यायला पोलादपूरच्या वर डोंगरात, आमच्या वाडीवर गेलो.

आई नाचणी पाखडत होती. म्हणाली, "थितं कुणाला शिकवणार रे तू? गोऱ्यांना इंग्रजी येत नाय काय?"

मी समजावलं, की गोऱ्यांना नाही शिकवायचं. तिथे दुसऱ्या देशांतली माणसं पोटासाठी येतात. दिवसभर कारखान्यात, हॉटेलात राबतात, त्यांना भाषा येत नाही, मग संध्याकाळी शिकायला बसतात.

आईचं सूप थांबलं. आमच्या वाडीतला घरटी एक माणूस मुंबईला होता.

"म्हंजे आपल्यासारखीच हायत ती," ती म्हणाली. "मंग जा. आनि त्यांच्यावर वरडू नको."

पुढे शिकवण्याच्या पद्धतीवरची जाडजूड पुस्तकं मी तिथे वाचली. यापेक्षा फार काही त्यांत नव्हतं.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. माझी अगदी पहिली नोकरी डोंगरातल्या एका शाळेवर होती आणि ती शाळा भरायची भैरोबाच्या देवळात. त्यामुळे वर्गात शिरताना पायताण बाहेर काढायचं, ही सवय हाडात मुरलेली. महाडला आल्यावर सहकाऱ्यांनी हसून हसून ती सोडवली होती. पण लंडनला पहिल्या दिवशी इतका घाबरलो होतो की दाराशी बूट काढले आणि मोज्यांवरच फळ्याकडे गेलो. माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्गात एक जपानी गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी माझ्या बुटांशेजारी त्यांचे बूट. तिसऱ्या दिवशी पाच जोड. शुक्रवारी दाराबाहेर चौदा जोड ओळीने लागले होते आणि मुख्याध्यापिका पर्किन्सबाई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.

"मिस्टर सकपाळ, फरशी ओली आहे का?"

मी शरमेने मेलो. देवळाची सगळी हकिकत सांगून टाकली आणि माफी मागितली. बाईंनी वाकून स्वतःचे बूट काढले, चौदाच्या पुढे पंधरावा जोड लावला आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसल्या. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मला दिसलं, हे त्यांनाही दिसलं आणि त्यांनी पाय जरासुद्धा मागे घेतला नाही.

*

याच पर्किन्सबाई पंचवीस वर्षं नवख्यांना पहिला पाठ देत होत्या. हा कप आहे, ही बशी आहे, कप बशीत आहे. संपला पाठ. तरी आदल्या दिवशी तासभर खोलीचं दार लावून त्याची तयारी करायच्या. आमच्याकडे एकदा काढलेल्या टिपणांवर दोन पिढ्या शिकतात! न राहवून मी एकदा विचारलं, "बाई, पंचवीस वर्षं तोच कप. तयारी कसली करता?"

"कप तोच आहे," त्या म्हणाल्या. "माणसं नवीन आहेत."

त्या रात्री मी माझी महाडहून नेलेली टिपणं ट्रंकेच्या तळाशी घातली.

*

सहा महिन्यांनी माझा परीक्षेचा पहिला पाठ. परीक्षक उंच, काटकुळे, अबोल. चाळीस मिनिटं मी असा काही बोललो की विचारू नका. शब्द घोटून ठेवलेले, उच्चार स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. पाठ झाला आणि ते जवळ आले.

"फार छान बोलता. या तासात एका माणसाचं इंग्रजी नक्की सुधारलं."

मी खुशीत विचारलं, "कोणाचं, सर?"

"तुमचं."

आणि नापास! पाठ दोनदाच देता यायचा. दुसरी संधी वसंतात होती. ती गेली की सर्टिफिकेट नाही, आणि रजा संपल्यावर रिकाम्या हाताने परत. महाडच्या एस. टी. स्टँडवर निरोपाला हार घेऊन आलेली माणसं सारखी डोळ्यांपुढे यायची. कबूल करतो, मी रडलो.

*

रडलो ते बशीरभाईंच्या खोलीवर. हे आमच्या महाडजवळच्या दासगावचे, बोटीवर स्वयंपाकी. बोट धक्क्याला लागली की महिना महिना लंडनलाच असायचे. आपल्या सावित्री नदीच्या पाण्यावर वाढलेला माणूस लंडनमध्ये भेटला की काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही. त्यांनी सुक्या बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही लय बोलता. आमच्या बापाशीनं मला होडी शिकवली, तवा वल्हं माझ्या हातात दिलं आनि स्वोता गप बसला. होडी गोल फिरली, खडकाला लागली, पन त्यानं हात नाय लावला."

"आणि बुडाली असती तर?"

"मला पवायला येत होतं. तुमची मानसं लहान पोरं नाय. जगात पवूनच आलेली हायत."

*

मग मी ते केलं जे आयुष्यभर लपवत आलो होतो. देवळातल्या शाळेत चार इयत्ता आणि मास्तर एकटा मी. म्हणून चौथीची मुलं पहिलीला शिकवायची आणि मी मधे नुसता हिंडायचो. तपासणीला साहेब आले की घाईघाईने सगळ्यांना सरळ बसवायचो. ही अडाणी तऱ्हा मी लंडनच्या वर्गात सुरू केली. ज्याला दोन वाक्यं जास्त येतात त्याने शेजाऱ्याला शिकवायचं. बेकरीत काम करणारा तुर्की मेहमेत दोघा इटालियनांचा गुरुजी झाला आणि माझ्यापेक्षा कडक निघाला.

पर्किन्सबाई वहीत भराभर लिहून घेत होत्या. "ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?"

"बदलीचा दुसरा मास्तर कधी आलाच नाही, बाई. त्याने."

*

राहिला दुसरा पाठ. वर्गात झोफियाबाई म्हणून पोलंडच्या एक साठीतल्या बाई होत्या. लढाईत घरदार गेलेलं, दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायच्या. आठ महिने एक दिवस न चुकता आल्या, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं, पण तोंडातून एक शब्द नाही. मी थकलो, पर्किन्सबाई थकल्या, मेहमेतसुद्धा थकला. परीक्षेच्या दिवशी त्या आल्या नाहीत तर बरं, असं माझ्या मनात आलं. त्याची आजही लाज वाटते.

परीक्षक तेच, उंच, काटकुळे. लवकर आले आणि खिडकीजवळच्या, हीटरशेजारच्या खुर्चीवर बसले. माझा पाठ सुरू होणार इतक्यात झोफियाबाई आल्या. हात इस्त्रीच्या वाफेने लाल झालेले. खिडकीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. सगळा वर्ग बघत होता.

"साहेब," त्या इंग्रजीत म्हणाल्या, सावकाश, एकही चूक न करता, "ही माझी खुर्ची आहे."

परीक्षक उठले. खोलीत दुसरी रिकामी खुर्ची नव्हती. मी माझी पुढे केली, त्यांनी मानेने नको म्हटलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. झोफियाबाई बसल्या, वही उघडली आणि शेजारच्या मेहमेतशी जे बोलायला लागल्या ते तास संपेपर्यंत थांबल्या नाहीत. चाळीस मिनिटांत माझी एकूण वाक्यं झाली चार.

वर्ग पांगला. परीक्षक अजून उभेच होते. हातात माझ्या सर्टिफिकेटचा कागद.

"एकच विचारतो. या बाई वर्गात कधीपासून बोलतात?"

मी घड्याळ बघितलं. "चाळीस मिनिटं झाली, सर."

त्यांनी कागद भिंतीला लावला आणि उभ्याउभ्याच सही केली.