चाळीस हजार माणसं, एक लॉगिन

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणतात आणि त्यांच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली आणतात. वय बावन्न. रक्त-लघवी तपासणाऱ्या नऊ प्रयोगशाळांचे अहवाल ज्या डेटाबेसमध्ये साठतात, तो गेली चौदा वर्षं त्याच सांभाळतात. एवढ्या काळात तो एकूण बावीस मिनिटं बंद पडला. ती मिनिटं त्यांना तारखांसकट पाठ आहेत.

डेटाबेसचं लायसन्स पंचवीस माणसांचं होतं. प्रयोगशाळांच्या काउंटरवर बसणारी माणसं तेवढीच, त्यामुळे भागत होतं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी वेबसाइट काढायचं ठरवलं. रुग्णांनी घरबसल्या आपला अहवाल पाहावा, ही कल्पना. ताईंनी भर बैठकीत विचारलं, "लायसन्सचं काय?"

"त्याचं काय?" मालक म्हणाले. "वेबसाइट डेटाबेसमध्ये एकाच लॉगिननं शिरते. म्हणजे वापरणारा एक. उलट चोवीस शिल्लक!"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "साहेब, दुकानाला दार एक म्हणून गिऱ्हाईक एकच धरायचं का? डेटाबेस विकणारे दार मोजत नाहीत, आत येणारी माणसं मोजतात."

मग त्यांनी दुसरी पद्धत समजावली. माणसं मोजायची नसतील तर सर्व्हरच्या प्रोसेसरमधले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोजून पैसे भरायचे. मग वेबसाइटवर दहा येवोत की दहा लाख. आपल्या सर्व्हरला कोअर आठ, पण काम चारांत होईल. लहान यंत्र घ्या, खर्च निम्मा. तेही परवडत नसेल तर फुकटचे डेटाबेस आहेत. तीन महिने द्या, सगळं हलवून देते.

"फुकटचं आपल्याला शोभत नाही," मालक म्हणाले. विकतचेही पैसे न भरता वेबसाइट सुरू केली. त्याच महिन्यात स्वागतकक्षात काचेची भिंत उभी राहिली.

गेल्या महिन्यात डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचा तपासनीस येणार असं पत्र आलं. सोबत फॉर्म, त्यात 'वापरणारे किती' असा रकाना. मालकांनी ताईंना बोलावून वेगळाच एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वेबसाइट डेटाबेसला जोडण्याचा निर्णय ताईंनी परस्पर घेतला, असा मजकूर. सहीची जागा रिकामी.

"नुसती औपचारिकता हो. तुम्ही घरच्याच."

"म्हणून माझ्या गळ्यात बांधताय?"

घरी नवरा म्हणाला, "अगं, कर की सही. थोडी वर्षं राहिलीत नोकरीची."

ताईंनी हातातलं पातेलं आपटलं. "चौदा वर्षांत त्या डेटाबेसमधली एक नोंद चुकू दिली नाही मी. आता ही खोटी नोंद माझ्या नावावर घेऊ?"

"मी आपलं सुचवलं."

"नको सुचवूस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेबसाइटवर खातं असलेले रुग्ण मोजले. एकेचाळीस हजार तीनशे सोळा. हा आकडा रकान्यात लिहिला आणि तपासनीस आला तेव्हा मालकांच्या देखत फॉर्म त्याच्या हातात दिला.

"बहुतेक ठिकाणी हा आकडा आम्हाला उकरून काढावा लागतो," तपासनीस म्हणाला.

"इथं उकरायचं काही नाही. मी दोन वर्षं ओरडून सांगतेय."

दोन वर्षांचं आठही कोअरचं शुल्क, वर दंड, अशी मागणी आली. मालकांनी ताईंना विचारलं, आत्ता चार कोअरचं यंत्र आणलं तर?

"आणा. पुढचं वाचेल. मागचे आठच मोजणार."

"कंपनी खड्ड्यात घातलीत तुम्ही!"

"खड्डा तुम्ही खणलात, साहेब. मी फक्त किती खोल ते सांगितलं."

आठवड्याभरात ताईंच्या हातात बदलीचा आदेश पडला: उद्यापासून फोनवर बसायचं, डेटाबेस दुसरा कुणी बघेल. ताईंनी तो तिथल्या तिथे परत केला. "माझी खुर्ची तीच. हलवायचं असेल तर हलवा, पण बदलीचं कारण काय लिहिणार, ते आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा."

मालकांनी अजून वाचून दाखवलेलं नाही. ताई रोज साडेनऊला येऊन त्याच खुर्चीवर बसतात. मालकांशी बोलत नाहीत.