सुईनं वाचवलेली आई

माझी आई चिखलीच्या शिवारात बांधावरून चालायची, ती नुसती बघत राहावं अशी. डोक्यावर भाकरीची पाटी, पाटीत ताकाचं लोटकं, कडेवर धाकटा भाऊ, आणि पाटीला हात लावायचं नाव नाही. बांध जेमतेम वीतभर रुंद. मी मागून पदर धरून धडपडत यायची आणि ती मागं न बघता म्हणायची, "पाय उचल की गं, काय पेंगतीस!"

पन्नास सालानंतर कधीतरी तिला क्षय झाला. त्या रोगानं गेलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे शेजारणी दारातूनच विचारपूस करून परत जायच्या. पुण्याच्या डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसिन नावाच्या नव्या औषधाच्या सुया सांगितल्या. चिंचवडचा कंपाउंडर रोज सायकलवर येऊन टोचून जायचा. खोकला उतरला, अंग भरलं. वडील तर हरखूनच गेले.

आणि एक दिवस ती बांधावरून खाली ज्वारीत पडली. उठली, परत पडली. दिवस मावळला की तिला भिंत धरल्याशिवाय उंबरा ओलांडता येईना. गावानं काय म्हणावं? दारू पिते म्हणे! जिनं उभ्या जन्मात ताकापलीकडं काही तोंडाला लावलं नाही, ती दारू पिते! जळली मेली त्यांची जीभ. अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

वडिलांनी तिला पुन्हा पुण्याला नेलं. मीही हट्टानं गेले. डॉक्टरांनी तिला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती कललीच, वडिलांनी सावरली. डॉक्टर म्हणाले, कानातून मेंदूकडे जाणारी नस या औषधानं बिघडते, तोल तिच्यावरच असतो. सुया चालू ठेवल्या तर ही ठार बहिरी होईल. बंद केल्या तर क्षय परत उसळेल.

आईच बोलली, "टोचा. कान गेलं तर गेलं. हिला माज्या हातानं सासरी धाडायची हाय मला, दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

क्षय गेला. कान हळूहळू गेले. आधी तिला पाखरं ऐकू येईनात, मग भांडी, मग आम्ही. मी अंगणातून हाका मारून दमायची आणि रागानं तिच्यापुढं जाऊन उभी राहायची. ती माझ्या ओठांकडे बघून हसायची. बांधावर आता ती माझ्या खांद्यावर हात ठेवून यायची. मला मेलीला मात्र परत तिच्या मागं चालायचं होतं.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं, पुनावळ्यात दिली मला. तिनं स्वतः हळद लावली, ओटी भरली, मला बैलगाडीत बसवलं. मग रडू आवरेना म्हणून तोंड फिरवून मांडवाची मेढ धरून उभी राहिली. बैल हलले. मी ओरडले, "आये!" पुन्हा ओरडले. सगळा मांडव वळला, वाजंत्रीसुद्धा थांबली. तिची पाठ तशीच. मावशीनं खांदा धरून तिला वळवली, तोवर गाडी वळणाआड गेली होती. हे मला मावशीनंच नंतर सांगितलं.

लोक म्हणतात, सुयांनी तुझी आई तुला राखली. राखलीच, मी कुठं नाही म्हणते? पण माझ्या हाकेला ओ देणारी आई मला त्या दिवशी हवी होती, आणि एवढी म्हातारी झाले तरी अजून हवी आहे.