साऊनं गिळली पणती

आजारपणाचा अनुभव म्हटल्यावर तुमी मनात माझं चित्र काढलं असंल. गालफडं बसलेली, हाताला सलाइन, नजर खिडकीबाहेर. पुसून टाका. मला साधी शिंकपण नव्हती. आजारी होती माझी पुतणी साऊ, वय पावणेदोन वर्षं. आणि तिला आजारी पाडणारा मी.

मुरबाडच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडाला धरला. साऊच्या गळ्याच्या जरा खाली पांढराशुभ्र गोल.

"रुपया गिळला वाटतं," मी बोललो.

"नीट बघ. कडेच्या आत अजून एक रिंगण आहे. रुपयाला असं नसतं. ही बटन बॅटरी आहे."

बटन बॅटरी म्हणजे आपला चपटा सेल, वजनकाट्यात असतो तो. अडकला होता इसोफेगसमध्ये, म्हणजे अन्ननळीत. तिथल्या ओलाव्यानं तो काम सुरू करतो आणि नळी आतून भाजत जाते. चार्ज उतरलेला जुना सेलपण भाजतो. "नळी भाजायला दोन तासपण पुरतात," मॅडम बोलल्या. आमचा एक तास उडाला होता.

घरी आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील. ते वाकून वाकून शोधत होते, मला धाप ऐकू येत होती. "अरे, गणपतीच्या मखराची ती सेलवाली पणती! खाटेखाली पडलीय. पोट उघडं तिचं, आत सेल नाय!"

आता माझा गुन्हा. मी नकला करतो. हेडसरांची, एसटीच्या कंडक्टरची, आणि घरात सगळ्यात हिट म्हणजे आबांची, बीपीची गोळी घेतानाची. तळहात तोंडावर आपटायचा, मान मागं, डोळे गच्च, मोठा घोट, आणि जीभ काढून "हां, गेली!" साऊ दिवसातनं दहादा मागायची, "काका, गोई!"

त्या दुपारी तिनं मला करून दाखवली. तळहात, मान, घोट. "हां, गेयी!" एक नंबर! मी टाळ्या वाजवल्या. वर मोबाइल काढून बोललो, "परत कर." ती करेना. लाळ गळायला लागली. वहिनीनं पाणी पाजलं, तर सगळं बाहेर.

"काय खाल्लंस गो?" वहिनीनं विचारलं.

"आबा गोई."

झालं! वहिनीनं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट तपासलं, तर एकपण कमी नाय. शेजारची काकू बोल्ली, "पैसा गिळला असंल. केळं चार, सकाळी पडंल." आपल्याकडं घशात काय पण जाऊ दे, औषध केळं. वहिनीनं सोललंपण होतं. आबा ओरडले, "पाणी उतरत नाय नि केळं कोंबता? दवाखान्यात न्या!" मॅडम नंतर बोलल्या, तेच बरोबर. असं झालं तर चारायचं नाय, उलटी काढायची नाय, सकाळची वाट तर बघायचीच नाय.

सेल काढायला एन्डोस्कोपी लागणार होती, ती मुरबाडला होत नव्हती, कल्याण गाठायचं होतं. नाक्यावर पांडूदादाची जीप. दहा सीट भरल्याशिवाय पांडूदादा कुणाच्या बापासाठी हलत नाय. वहिनीच्या कडेवरची साऊ बघितली नि आत बसलेले पाच जण न सांगता उतरले. पांडूदादानं गिअर टाकला.

"ॲम्ब्युलन्सचा भोंगा येतो का रे तुला?"

येतो का? मी खिडकीतनं अर्धा बाहेर आलो नि जो भोंगा काढला! ट्रक बाजूला, टेम्पो बाजूला. एक म्हैसपण बाजूला. आयुष्यात एवढ्या लोकांनी माझी नक्कल खरी मानली नव्हती. साऊ रडता रडता माझ्याकडं बघत होती. वहिनी बघत नव्हती.

एन्डोस्कोपी म्हणजे भूल देऊन तोंडातनं बारीक नळी सोडतात. तिला कॅमेरा नि चिमटा असतो. बाकावर मी नि वहिनी, मधे एक माणूस बसंल एवढी जागा. माझा दादा, साऊचा बाप, कामावरनं धावत आला नि तिथं बसला.

डॉक्टर स्टीलची वाटी घेऊन बाहेर आले. आत आमच्या पणतीचा सेल, कडेनं काळा पडलेला. "भाजलंय, पण भोक नाय. वेळेत आणलंत." मी नाचलोच! सिस्टरनं खाली बसवला.

आठ दिवस साऊच्या नाकातनं नळी, त्यातनं दूध. ती चादर नाय तर नळी तोंडात घालायला गेली की सिस्टर समोर उभी. एक हात कमरेवर, दुसरा पुढं. "तोंडात नाय! इकडं दे!" आठ दिवसांत वहिनी माझ्याशी एक शब्द बोल्ली नाय.

घरी सोडताना डॉक्टर मला बोलले, "घरात रांगत फिर. तिच्या उंचीवरनं बघ." तुमीपण रांगा. मी रांगलो नि काय काय सापडलं! खाटेखाली आबांच्या सांडलेल्या दोन गोळ्या, कपाटामागं उंदराच्या औषधाची वडी, मोरीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत रॉकेल. सगळं हलवलं. पणत्यांचे सेल काढून दादाकडं दिले. टीव्हीच्या रिमोटचं झाकण ढिलं होतं, त्याला स्क्रू मारायला बसलो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून स्क्रू धरला दातात.

"काका!"

दारात साऊ. एक हात कमरेवर, दुसरा पुढं. "तोंदात नाय! इकलं दे!"

हुबेहूब सिस्टर! पण पंचाईत झाली. तोंडात ठेवायचा नाय, नि तिच्या हातात तर अजिबात द्यायचा नाय. तेवढ्यात साऊच्या डोक्यावरनं दुसरा तळहात पुढं आला. वहिनीचा. मी त्यावर स्क्रू थुंकला.

"भावजी, लाज वाटते का? पावणेदोन वर्षांच्या पोरीला कळतं ते तुमाला कळत नाय? दाढी फुटली नि अक्कल कधी फुटणार?"

बोल्ली! वहिनी बोल्ली! पुढचा अर्धा तास ती थांबली नाय, नि मी मांडी घालून सगळं ऐकलं.