रेमेदियोसनं टँकर अडवला

रेमेदियोस त्लापाले तिरसट आहे, असं टेकडीवरचे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे! मेक्सिको शहराच्या कडेच्या या टेकडीवर नळ कधी चढलाच नाही. पायथ्याच्या शीतपेयांच्या कारखान्याला मात्र रात्रंदिवस पाणी. इथं राहून जिचं डोकं फिरत नाही, तिचंच काहीतरी बिनसलेलं असणार.

वर पाणी येतं ते टँकरनं. कधी येईल ते देव जाणे. दारात माणूस दिसलं नाही, तर पिंपं कोरडी ठेवून टँकर पुढे जातो. या एका नियमापायी रेमेदियोसचं शिवणकाम सुटलं, मग बेकरीतली नोकरी गेली. आता ती खालच्या खानावळीत भांडी घासते. "पुन्हा दांडी मारलीस तर येऊच नकोस," असं मालकिणीनं बजावलंय.

त्या दिवशी तिच्या यारेत्सीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. पोरगी वर्षभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेली. सकाळी तिच्या कपाळावर बोटानं क्रूस काढून रेमेदियोस कामावर गेली. दुपारी परतली, तर यारेत्सी दारातच. ओलीचिंब आणि हसरी.

"आई, सगळी पिंपं भरली!"

"आणि परीक्षा?"

"निघतच होते गं, तेवढ्यात भोंगा वाजला. घरात थेंब नव्हता. पुढच्या वर्षी देईन ना."

रेमेदियोसच्या अंगाचा नुसता भडका उडाला. दुसऱ्या फेरीचा टँकर वळणावर दिसताच ती रस्ता अडवून बसली. शेजारणीही येऊन बसल्या.

"मावशी, मी हुकमाचा ताबेदार," ड्रायव्हर फिदेन्सियो काकुळतीला आला.

"तुझ्यावर राग नाही रे. किल्ली दे आणि हे मक्याचे तामाले खा. गरम आहेत."

त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. टेकडीवर टँकर अडवला जाणं त्याला नवं नव्हतं.

संध्याकाळी पाणीखात्याचे इंजिनिअर आले. "बाई, उद्या जादा टँकर पाठवतो. सोडा गाडी."

शेजारणींचे चेहरे खुलले. रेमेदियोसनं मात्र साहेबाला सरळ अरेतुरे केलं. "माझी पिंपं भरलीत. मला पाणी नको. माझ्या पोरीची परीक्षा घे."

"अहो, ते आमच्या खात्यात येत नाही."

"येत नाही? तुझ्याच खात्यानं बुडवली ना ती?"

रेमेदियोसनं किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि ती तिथंच बसून राहिली.