जटेवरचं लाल फूल

माझ्या लेकीच्या डोक्यावरचं रिबिनीचं फूल पाहून अख्खं गाव हसलं होतं. "पोट्टीच्या डोक्यात कोबी उगवला काय वं?" असं विहिरीवरच्या बाया विचारायच्या. मीही हसायचे. हसा म्हटलं, खुशाल हसा. त्या फुलाखाली मी काय चालवलंय हे कळलं असतं तर त्यांच्या हातातल्या घागरी सुटल्या असत्या.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव दुसरबीड आणि बीबीच्या मधलं. लेक पाच वर्षांची होती आणि त्या पावसाळ्यात तिला ताप आला, तो तीन आठवडे हटेना. अंगात त्राण नाही, मान धरवत नाही, अशा लेकराची वेणी कोण घालणार? ताप उतरला तेव्हा उजव्या कानामागे केसांचा गुंता बसला होता, अंगठ्याएवढा, चिकट आणि घट्ट.

नेमकी त्याच दिवशी आराधीण दारात आली. देवीची परडी घेऊन घरोघर फिरणारी ही बाई, गावात तिचा मोठा मान. तिनं लेकीचं डोकं चाचपलं आणि हात जोडले. "जट हाये. देवी आली पोरीच्या डोक्यात. आता फणी लावू नोको. नवरात्रातल्या अष्टमीले पूजा करू आन् परडी देऊ हातात."

जट म्हणजे काय ते मी रोज बघत होते. माझ्या सासूला जट होती. लग्न होऊन आली तेव्हापासूनची, पदराखाली वेटोळं करून बांधलेली, मनगटाएवढी जाड. एकदा पूजा झाली की मेलं तरी त्या केसांना फणी नाही की कात्री नाही. मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा. सासूची मान एका बाजूला कलली होती. पाठीवर तिला झोपताच यायचं नाही, जट रुतायची. आणि हे सगळं माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या वाट्याला? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

नवऱ्याला म्हटलं, "तुमी तरी बोला."

"मी काय बोलू? आईले विचार," असं म्हणून तो शेतात निघून गेला. बरं आहे म्हटलं. तुम्ही शेतात जा, घरातलं मी बघते.

माझं देवीशी भांडण नव्हतं, आजही नाही. दिवा मी रोज लावते. पण आजारी लेकराच्या गुंत्याला देवी म्हणायचं आणि तो तिच्या गळ्यात जन्मभर बांधायचा, हे मला मान्य नव्हतं. कोणी विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. पण मला कोणी विचारलंच नाही.

मूग तोडणीला सगळे शेतात जायचे. आजारातून उठलेल्या पोरीपाशी म्हणून मी घरी. दुपारी दाराला कडी घालायची, लेकीला मांडीवर पालथी घ्यायची, गुंत्यात कोमट तेल जिरवायचं आणि भांग पाडायच्या साळूच्या, म्हणजे साळिंदराच्या, काट्यानं एकेक केस सोडवायचा. ओढलं की ती कळवळायची. म्हणून एका दुपारी हरभऱ्याएवढंच सोडवायचं, जास्त नाही. पण सुटलेले केस दिसणार, त्याचं काय करायचं?

तेव्हा मला फूल सुचलं. लग्नातला लाल साटिनचा परकर काढला आणि त्याची तीन बोटं रुंद पट्टी कापली. साटिनचे धागे लगेच निघतात, म्हणून दोन्ही कडा दुमडून बारीक टीप घातली. लेकीसाठी केलेल्या पेजेतली वाटीभर पातळ केली आणि कडक व्हावी म्हणून पट्टी तीत बुडवून सावलीत वाळवली. इस्त्री आमच्याकडे कुठली? तांब्यात निखारे घातले आणि बुड पट्टीवरून फिरवलं. मग दोन्हीकडे दोन-दोन पाकळ्या घडी करून मध्ये चिमटीत धरल्या, दोऱ्यानं करकचून आवळल्या, वर छोटी पट्टी गुंडाळली. पहिलं फूल मरतुकडं झालं. दुसरं जमलं.

सासू संध्याकाळी आली. "हे काय वं?"

"देवी बसली ना मामी डोक्यात? मंग तिले शोभा नोको काय?"

सासू बघत राहिली. आराधीण मात्र खूश झाली. पुढच्या मंगळवारी तिनं त्या फुलालाच हळद-कुंकू वाहिलं आणि चार बायांना दाखवलं, "पाहा, सून कशी भक्तीची हाये!" मी मान खाली घालून ऐकत होते. हसू दाबता दाबता माझे गाल दुखायला लागले.

जट जशी सुटत गेली, तसं फूल मोठं करावं लागलं. चार पाकळ्यांच्या सहा झाल्या, मग आठ. अर्धा परकर त्यात गेला. लेकीला मात्र ते भारी आवडायचं. आरशासमोर उभी राहून मान इकडून तिकडे हलवायची.

अष्टमीला अंगणात बाया जमल्या. आराधिणीनं परडी खाली ठेवली, कुंकवात बोट बुडवलं आणि म्हणाली, "फूल सोड. जट दाखव."

मी फुलाचा बंद ओढला. केस मोकळे होऊन लेकीच्या खांद्यावर पडले. तेल लावलेले, विंचरलेले, एक गाठ नाही.

"कोनं केलं हे?"

"म्या केलं. साळूच्या काट्यानं."

"देवी कोपते, बाई!"

"कोपू द्या. माह्यावर कोपू द्या. म्या हाये ना इथं उभी! लेकराच्या अंगाले हात लावायचा नाही."

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. नवरा जमिनीकडे बघत होता. आराधीण परडी उचलून तरातरा निघून गेली. मी सगळ्यांसमोर लेकीच्या दोन वेण्या घातल्या आणि त्या फुलाची दोन फुलं करून बांधली.

चार दिवसांनी लेकीला पुन्हा ताप भरला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसले. गाव म्हणालं, बघा, कोप झाला. पण वेण्या मी सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि लेकीनं भाकरी मागितली.

अष्टमीपासून सासू माझ्याशी बोलली नव्हती. त्या दुपारी ती माझ्यासमोर येऊन पाठमोरी बसली आणि तिनं पदर खाली केला. ते वेटोळं मी पहिल्यांदा उघडं पाहिलं.

"पोरीचं सुटलं, तसं माहं सुटते काय पाह्य बरं," ती म्हणाली. "लई भार झाला वं मानेले."

मी बोटं घालून बघितलं. काटा कुठे शिरेना. "सुटत नाही मामी. कापा लागंल."

तिनं कोनाड्यातली कात्री काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "काप."

कात्रीनं जमेना, शेवटी विळ्यानं कापली. सासूनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "आता मले फूल बांधशीन काय तू?" म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, मग रडलो. नंतर ती ओट्यावर गेली आणि उताणी निजली. इतक्या वर्षांनी पाठीवर निजली ती, आणि लगेच घोरायला लागली.

थोड्या वेळानं आराधीण आली. तिला कुठून तरी कुणकुण लागली असणार. दारातूनच ओरडायला लागली. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"हळू बोला," मी म्हटलं. "मामी झोपल्या हायेत."